दाढेतलं गाव

तेजस्विनी खोत तालमीत आली तेव्हा शेवंता आखाड्यातली माती उकरत होती. तांबडी माती खालपर्यंत फिरवायची, तीत ताक आणि हळद मिसळायची, हे काम ती पोरींवर कधीच सोपवत नसे.

"वस्ताद, जरा बाहेर या की," तेजस्विनी दारातूनच म्हणाली.

"तूच ये आत. आमदार व्हायच्या आधीच पायाला माती लागंना व्हय?"

तेजस्विनी हसली आणि आत आली. सगळी सांगली तिला तेजूताई म्हणायची. मायमाती आघाडीची ती विधानसभेची उमेदवार होती आणि तिचा चेहरा असलेले फलक तालमीच्या भिंतीपर्यंत येऊन पोचले होते. शेवंता माळी ही मुलींच्या कुस्तीची वस्ताद. दोघी एका वयाच्या, एका घरात वाढलेल्या. लोक त्यांना मामेबहिणी समजत.

"परवा स्टेशन चौकात सभा आहे," तेजस्विनी म्हणाली. "यंत्राचं प्रात्यक्षिक करणार आहोत. मला तू स्टेजवर पाहिजेस."

शेवंताचं फावडं थांबलं. "मी? अगं, तुला म्हायती हाय की..."

"हळू बोल." तेजस्विनीनं दाराकडे बघितलं. पोरी बाहेर दोर चढत होत्या. "माहीत आहे म्हणूनच आले. नीट ऐक. आमचं सरकार आलं की कायदा होणार. प्रत्येकाची दाढ तपासली जाणार, तुझीही. तेव्हा काय करशील? परवा यंत्र आमच्या माणसाच्या हातात आहे. पडद्यावर 'जत तालुका' असं येणार, एवढी व्यवस्था मी केलीय. भर चौकात एकदा जत लागलं की पुढं जन्मात कुणी तुझ्या वाटेला जाणार नाही."

"आणि न्हाई लागलं तर?"

"मी आहे ना, शेवे."

एवढ्यावर शेवंतानं फावडं पुन्हा उचललं. तेजूनं मी आहे म्हटल्यावर आणखी काही विचारायची तिला सवयच नव्हती.

*

ती मूळची जतची नव्हती. सांगलीचीही नव्हती. तिचे आईवडील मुकादमाबरोबर दूरवरून हरिपूरच्या खाली वीटभट्टीवर आले होते, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. त्याच पावसाळ्यात कृष्णा चढली. भट्टी गेली, झोपड्या गेल्या, आईवडील गेले. बोटवाल्यांनी तिला एका शाळेतल्या छावणीत आणून सोडलं. तिथं ती पायरीवर बसून राहायची. कुणी बोललं तर कळत नव्हतं आणि तिचं कुणाला कळत नव्हतं.

छावणीत भाकरी थापायला येणाऱ्या बायकांत खोतांच्या अक्का होत्या. त्यांच्याबरोबर त्यांची लेक तेजू यायची. तेजूनं आपल्या अंगावरचं पांघरूण अर्धं फाडून त्या पोरीला दिलं होतं, आणि त्याबद्दल अक्कांचा मारही खाल्ला होता. बेवारस पोरांना न्यायला सरकारी माणसं आली तेव्हा अक्कांनी पोरीला पदराखाली ओढलं आणि सांगून टाकलं, "ही माझ्या जतच्या भावाची हाय." तेव्हापासून ती जतची झाली. शेवंता हे नावही अक्कांनीच ठेवलं.

खोतांच्या घरात कुस्ती होती. शेवंता मराठी शिकली ती आखाड्यात, डावांच्या नावांतून आणि शिव्यांतून. पुढं तिनं राज्याची पदकं आणली, लग्न केलं. नवरा उत्तम माळी, त्याचं विजेवरच्या ट्रॅक्टरांचं गॅरेज. माणूस सरळ आणि कमी बोलणारा. त्यालाही तिनं कधी सांगितलं नाही. सुरुवातीला सांगायची भीती वाटली आणि नंतर फार उशीर झाला असं वाटलं. अक्कांखेरीज ही गोष्ट फक्त तेजूला माहीत होती. लहानपणी दोघी गच्चीवर झोपायच्या तेव्हा शेवंता तिला आठवेल तेवढं सांगायची. एक डोंगर, एक नदी, आईच्या हातावर गोंदलेल्या रेघा.

*

यंत्र निघालं होतं मिरजेत, आणि वेगळ्याच कामासाठी.

डॉक्टर फरीदा मुजावर या भूरसायनशास्त्राच्या प्राध्यापक. दर मोठ्या पुरानंतर ओळख न पटलेली प्रेतं उरायची, बरीचशी परप्रांतातल्या मजुरांची. त्यांना कुठं पाठवायचं, कुणाला कळवायचं हे कुणालाच माहीत नसायचं. मुजावरबाईंनी त्यांच्या दाढांकडं बघायला सुरुवात केली.

खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचे काही अणू हलके असतात, काही थोडे जड. यातले जड अणू रुबिडियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्यापासून फार सावकाश, कोट्यवधी वर्षांत तयार होत जातात. म्हणून खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितकं जास्त, तितके जड अणू जास्त. आपला दख्खनचा काळा कातळ त्या मानानं कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा. छोटा नागपूरच्या पठाराखालचे काही खडक तीनशे कोटी वर्षांचे आहेत. खडकातलं स्ट्रॉन्शियम पाण्यात उतरतं, पाण्यातून भाजीत, धान्यात आणि दुधात येतं. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून ते वाढत्या दातांत जाऊन बसतं. हाडं आयुष्यभर बदलत राहतात. दातावरचं कवच मात्र एकदा तयार झालं की बदलत नाही. पहिली दाढ तिसऱ्या वर्षापर्यंत घडते, दुसरी साधारण आठव्यापर्यंत. त्या वर्षांत माणूस कुठलं पाणी प्यायला हे त्या दाढांत कायमचं राहतं.

पूर्वी हे मोजायला दात उपटून, विरघळवून, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागे. मुजावरबाईंनी हातात मावणारं उपकरण बनवलं. त्याचा लेसर दाढेवरून डोळ्यांना न दिसणारा कण उडवी आणि आतली चिप तो कण मोजी. स्ट्रॉन्शियमच्या जोडीला शिसं आणि ऑक्सिजनही मोजला की जागा एखाद्या नदीच्या खोऱ्यापर्यंत कळायची. दोन पुरांत त्यांनी कितीतरी प्रेतांची गावं शोधून दिली. बिहारमधल्या एका म्हातारीला तिचा मुलगा जाळायला मिळाला तेव्हा सगळ्या देशानं बाईंचं कौतुक केलं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दाढा जिवंत माणसालाही असतात.

आघाडीनं त्या उपकरणाला 'मूळमापक' नाव दिलं. लोक त्याला बंदूक म्हणू लागले. मुजावरबाईंनी विरोध केला, कोर्टात गेल्या, पण विद्यापीठानं हक्क आधीच एका कंपनीला विकले होते. बाहेरच्यांमुळं आपल्या पोरांना काम नाही, घर नाही, पाणी पुरत नाही, हे सांगली कितीतरी वर्षं ऐकत होती. त्यात खरंही काही होतं. शेवंताच्या तालमीतल्या पोरींचे भाऊ रिकामे बसलेले होते आणि कारखान्यांच्या फाटकावर परभाषा ऐकू येत होती. तेजूच्या सभांना शेवंता स्वतः पोरी घेऊन गेली होती, टाळ्या वाजवून आली होती. तेजू बोलते ते दुसऱ्यांबद्दल, असं तिला वाटायचं.

*

चौक भरला होता. स्टेजवर पडदा, पडद्यावर देशाचा नकाशा. गळ्यात आघाडीचा पट्टा घातलेला एक तरुण बंदूक घेऊन उभा होता.

आधी तेजस्विनीनं स्वतः तोंड उघडलं. नकाशा सरकत सरकत सांगलीवर थांबला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग तासगावच्या एका द्राक्षवाल्या म्हाताऱ्याला वर घेतलं. त्याचं तासगाव आलं आणि म्हाताऱ्यानं खुशीत पटका उडवला.

"आता," तेजस्विनी म्हणाली, "मी माझ्या घरातल्या माणसाला बोलावते. जिनं सांगलीला पदकं दिली, जी तुमच्या पोरींना कुस्ती शिकवते. आमची शेवंता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवंता वर गेली. उत्तम पुढच्या रांगेत बसला होता, तो लाजून हसत होता. शेवंतानं आ केला. दाढेला चटका बसल्यासारखं झालं आणि जळकट वास आला.

नकाशा हलला. सांगलीवर आला, तिथं थांबला नाही. जतही मागं पडलं. महाराष्ट्राची रेघ ओलांडून तो पूर्वेकडे सरकत राहिला आणि झारखंडच्या दक्षिण टोकाला एका नदीवर जाऊन लाल झाला.

शेवंताला वाटलं, यंत्र चुकलं. तिनं तेजूकडं बघितलं. तेजू पडद्याकडे बघतच नव्हती. ती लोकांकडे बघत होती, आणि माईक तिनं आधीच तोंडाशी धरला होता.

"बघितलंत?" तेजस्विनी म्हणाली. "ही माझ्या घरात वाढली. माझ्या ताटात जेवली. हिची मराठी ऐका, हिच्या कपाळावरचं कुंकू बघा. हिला मी बहीण म्हणत आले. मला कळलं नाही! मला, जी रोज तुमच्यासमोर उभं राहून हेच सांगते, तिला कळलं नाही. मग तुमच्या भिंतीपलीकडं कोण राहतं, तुमच्या पोरांच्या शाळेत कोण शिकवतं, हे तुम्हाला कसं कळणार?"

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते खरं होतं, हेच शेवंताला पुढं किती तरी दिवस उमगत नव्हतं. चौकात मागून कुणीतरी घोषणा दिली. शेवंता अजून तोंड उघडं ठेवूनच उभी होती. त्या तरुणानं तिच्या हनुवटीला बोट लावून म्हटलं, "झालं बाई, मिटा."

*

घरी उत्तमनं दार लावलं आणि खाटेवर बसला.

"यंत्र बिघडलं असेल," तो म्हणाला.

शेवंता भिंतीला टेकून उभी राहिली. "न्हाई बिघडलं."

"म्हणजे जत..."

"जतला मी फकस्त जत्रेला गेलीया. तुमच्यासंगं."

मग तिनं सगळं सांगितलं. छावणी, अक्का, पांघरूण. गॅरेजमधलं ग्रीस उत्तमच्या नखांत होतं, ते तो दुसऱ्या नखानं काढत राहिला.

"तेजूताईला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

"लहानपणापासून."

"व्हय."

"आणि मला नाही." तो उठला. "तू झारखंडची असशील नाहीतर अमेरिकेची. मला त्याचं काही नाही. पण एवढी वर्षं तू माझ्या शेजारी झोपून दुसरीवर विश्वास ठेवलास. आणि ठेवलास तो असल्या बाईवर."

तो गॅरेजमध्ये निघून गेला. तो ओरडला असता तर शेवंताला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तालमीत पोरी कमी होत गेल्या. कुणाच्या आईला बरं नव्हतं, कुणाची परीक्षा होती. एक पोरगी रडत रडत खरं सांगून गेली, "बाबा म्हणत्यात, बाहेरच्या वस्तादाकडनं शिकलेली चालंल का, आधी बघूया." मग तालमीच्या कमिटीचे अध्यक्ष आले. त्यांचं पोर लहान असताना तिनं त्याला पोहायला शिकवलं होतं. त्यांनी तिच्याकडं न बघता किल्ली मागितली. "तात्पुरती हो, वस्ताद. निवडणूक होऊ दे." शेवंतानं दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून दिली.

*

अक्कांना भेटायला ती मागच्या दारानं गेली, कारण पुढं कार्यकर्त्यांची गर्दी होती. अक्का थकल्या होत्या. खिडकीशी खाटेवर बसून त्या लसूण सोलत होत्या. शेवंताला बघून त्यांनी परात बाजूला सारली आणि हात पुढं केला. शेवंता त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. स्टेजवरून उतरल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

"अक्का, तिनं असं का केलं गं? मी काय केलं हुतं तिचं?"

अक्का तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"तिला वाटलं नसंल," शेवंता स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होती. "त्या यंत्रवाल्या पोरानं दगा दिला असंल. तिनं सांगितलं असंल जत लाव म्हणून, आणि त्यानं..."

अक्कांचा हात थांबला.

"शेवंते," त्या म्हणाल्या, "तिनं इचारलं हुतं मला."

शेवंतानं मान वर केली.

"काय इचारलं हुतं?"

"हेच. शेवंताला उभी करू का म्हणून."

"आणि तू काय म्हणालीस?"

अक्कांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर त्यांच्या लेकीच्या नावाची घोषणा चालली होती.

"पोटची हाय ती, शेवंते."

शेवंता उठली. अक्कांनी तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या बोटांत जोर नव्हता. पाण्यातून आलेल्या पोरीला एवढ्या माणसांसमोर पदराखाली ओढणारी बाई हीच होती. ती खोटी नव्हती, आणि आत्ताचीही खोटी नव्हती. शेवंता मागच्या दारानं बाहेर पडली. या घरी ती पुन्हा कधी गेली नाही.

*

तेजस्विनी मोठ्या मतांनी निवडून आली. कायदाही झाला. ज्यांची दाढ राज्याबाहेरची, ते 'पाहुणे' ठरले. पाहुण्यांना राहता येत होतं, राबता येत होतं, पण कुठल्या संस्थेत पद घेता येत नव्हतं आणि शिकवायचा परवाना मिळत नव्हता.

निकालानंतर थोड्या दिवसांनी तेजस्विनी एकटीच आली. गाडी तिनं लांब ठेवली होती. उत्तम अंगणात एक मोटर उघडून बसला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा मोटरीत डोकं घातलं.

"शेवे, चांगली बातमी आणलीय," ती खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाली. "कायद्यात एक कलम घालून घेतलंय मी. ज्या पाहुण्यांनी मातीसाठी काही केलंय त्यांना 'मानद भूमिकन्या' करता येतं. पहिला मान तुझा. तालीम परत तुझ्या ताब्यात येईल. फक्त सत्काराला यायचं."

"कुठं?"

"स्टेशन चौकात."

"परत स्टेजवर?"

तेजस्विनीनं खुर्ची थोडी पुढं ओढली.

"तू म्हणालीस, जत लावायची व्यवस्था केलीय."

"हो."

"केली हुतीस?"

"नाही." तेजस्विनीनं नजर चुकवली नाही. लहानपणापासून तिची ही एक गोष्ट चांगली होती. "आमची हवा बसत चालली होती. लोक यंत्राला हसत होते. बाहेरचा माणूस तोंडावरून कळतो, त्याला बंदूक कशाला, म्हणत होते. त्यांना पटवायला असं माणूस पाहिजे होतं ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही. असं एकच मला माहीत होतं."

"सांगितलं असतंस मला खरं."

"तू आली असतीस?"

शेवंतानं विचार केला. "आली असती बहुतेक," ती म्हणाली.

हे ऐकून तेजस्विनीचा चेहरा पहिल्यांदा ढासळला. तिनं शेवंताचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बघ, हेच. दुसरं कुणी असतं तर माझ्या जिवावर उठलं असतं. तू मला माफ करशील, एवढी खात्री होती मला. जगात दुसऱ्या कुणाची नाही एवढी तुझी खात्री होती, शेवे. म्हणून तर तुला..."

"न्हाई केलं."

"आज नाही, मला कळतं. पण पुढं..."

"तेजू, न्हाई केलं माफ." शेवंतानं हात सोडवून घेतला. तिच्या पंजात अजून ताकद होती, आणि ती वापरावी लागली. "मी तुझ्यावर इश्वास ठेवला, तोच तू हत्यारासारखा वापरलास. दुसरं कुठलं हत्यार घेऊन मारलं असतंस तर मीच तुझ्या बाजूनं भांडली असती. जा आता."

तेजस्विनी उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिली. तिला वाटत असावं की मागून हाक येईल. ती आली नाही.

त्या दिवशी उत्तमनं दोन ताटं वाढून आणली. सभेपासून दोघं वेगवेगळे जेवत होते.

"तुझी नदी कुठली, ते मुजावरबाई सांगतील म्हणतात," तो म्हणाला. "बघून येऊ या का?"

*

मुजावरबाईंनी तिची दाढ पुन्हा तपासली. या वेळी अंगणात, चहा पीत. "कोयल नदीचं खालचं खोरं," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. दाढेला एवढंच ठाऊक असतं की तुम्ही कुठलं पाणी प्यायलात. तिथं तुमचं कुणी आहे का, हे ती सांगत नाही."

दोघं चक्रधरपूरपर्यंत रेल्वेनं गेले, पुढं बसनं. डोंगर दिसू लागले तसं शेवंताला काहीतरी होऊ लागलं. ओळखीचं म्हणावं असं काही दिसत नव्हतं, पण ती खिडकीशी सरकून बसली. एका पुलाशी बस थांबली. पुलावर बांबूचं फाटक होतं आणि फाटकाशी चार-पाच तरुण उभे होते. त्यांच्या हातात तीच बंदूक होती.

शेवंता बसमधून उतरली आणि फाटकाच्या अलीकडंच थांबली. उत्तम म्हणाला, "परत फिरू या?"

"आता आलोय तर बघू," ती म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

यंत्रावर हिरवा दिवा लागला. तरुणानं यंत्राकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. तो तिच्याशी त्यांच्या भाषेत भराभर बोलू लागला. तिला एक अक्षर कळलं नाही. मग एक मुलगी तांब्या घेऊन आली आणि तो पुढं करत म्हणाली, "दा."

दा म्हणजे पाणी. कसं कळलं ते शेवंताला सांगता आलं नसतं, पण कळलं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि तिचे डोळे भरून आले.

तो तरुण हिंदीत सांगू लागला. खाणवाल्यांनी आमचे डोंगर नेले. जमिनी बाहेरच्यांच्या नावावर गेल्या आणि आमची माणसं वीटभट्ट्यांवर. तुमच्यासारख्या कितीतरी मुली हरवल्या. आता इथं कुणी दिकू राहणार नाही. दिकू म्हणजे बाहेरचा. तुम्हाला ग्रामसभा जमीन देईल. तुमच्या माणसांचा शोध घेऊ. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि तो मनापासून बोलत होता. शेवंताच्या आईवडिलांबद्दल आजवर एवढं मनापासून कुणीच बोललं नव्हतं.

मग त्यानं बंदूक उत्तमच्या तोंडाशी नेली. लाल दिवा लागला.

"यांना पलीकडं थांबावं लागेल," तरुण नम्रपणे म्हणाला. "आणि पुढची बस आली की जावं लागेल."

"मेरे आदमी हैं," शेवंता म्हणाली.

"आपके हैं, दीदी. हमारे नहीं।"

उत्तमनं पिशवी खाली ठेवली. "तू जा," तो मराठीत म्हणाला. "बघून ये निवांत. मी थांबतो चक्रधरपूरला. आठवडा लागू दे, महिना लागू दे." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते त्यानं मुद्दाम केलेलंही नव्हतं.

तरुण अजून बोलतच होता. आज बाजाराच्या मैदानात सभा आहे, नेते येणार आहेत. दीदींनी स्टेजवर यावं. काही बोलायची गरज नाही, नुसतं उभं राहिलं तरी पुरे. लोकांना बघू दे, यंत्रानं आपली हरवलेली मुलगी कशी शोधून आणली.

पुलाखाली नदी वाहत होती, उथळ, दगडांवरून. पलीकडच्या काठावर एक बाई भांडी घासत होती आणि तिच्या हातांवर गोंदलेल्या रेघा होत्या. शेवंता तिच्याकडं बघत राहिली. त्या बाईनंही मान वर करून बघितलं, आणि कोण आहे ते न कळून ती पुन्हा भांड्यांकडं वळली.

शेवंतानं तांब्या त्या मुलीला परत दिला. मुलीच्या गालाला हात लावला.

"आई-बापाची माणसं शोधायला आलो होतो," ती तरुणाला मोडक्या हिंदीत म्हणाली. "स्टेजवर चढायला नाही. मी एकदा चढून बघितलंय." त्याला ते कळलं नाही. तो बंदूक हातात धरून गोंधळलेला उभा राहिला. त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की तिला त्याची भीतीच वाटली.

ती उत्तमकडं चालत गेली आणि तिनं पिशवीचा एक बंद धरला. दुसरा त्यानं धरला. आलेली बस अजून वळत होती. दोघं चढले आणि मागच्या बाकावर बसले.

"आता कुठं?" उत्तमनं विचारलं. सांगलीत गॅरेज होतं, घर होतं, आणि दारावर नव्या कायद्यानं ठोकलेली 'पाहुणे' ही पाटी होती. मिरजेत मुजावरबाईंच्या अंगणात थोडी मोकळी जागा होती. याहून जास्त दोघांनाही काही सुचत नव्हतं.

शेवंतानं खिडकीची काच लावून घेतली, कारण धूळ आत येत होती.

"आधी कुठंतरी जेवू," ती म्हणाली. "सकाळपासनं तुमच्या पोटात काय न्हाई."